नंदीशची मिशी

हेमावतीनं हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मोबाइल ठेवला, शिंप्यापुढं मापाचा ब्लाउज ठेवावा तसा. स्क्रीनवर नंदीश होता. मंद्रूपला राहणाऱ्या धाकट्या जावेचा मुलगा.

"असा पाहिजे," ती म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत तिचा अकरा वर्षांचा गुरु बसला होता. गेल्या रविवारी सासरे ईश्वरप्पांनी सगळ्या भावकीदेखत दोन्ही नातवांना पाठीला पाठ लावून उभं केलं होतं आणि "आमचा नंदीश म्हंजे खांब हाय, खांब!" असं जाहीर केलं होतं. खांबाला मिशीही फुटली होती. त्याची आई अक्षता त्या मिशीकडं बघून अशी लाजली, की जणू ती तिनंच पेरली होती. तेव्हापासून हेमावतीला जेवण गोड लागत नव्हतं.

डॉक्टरांनी गुरुला नीट तपासलं. "याला काही झालेलं नाही. वयाप्रमाणं वाढतोय. चौदाव्या वर्षापर्यंत काहीच बदल दिसला नाही, तर आणा."

"चौदा? तवर तो दाढी करायला लागंल की!"

"कोण तो?" डॉक्टर हसल्या.

हेमावतीनं मोबाइलकडं बोट केलं. "ह्यो. आमच्या गुरुपेक्षा लहान, तरी बघा."

डॉक्टरांनी फोटो बोटांनी मोठा केला. "वय काय याचं?"

"श्रावणात आठ पूर्ण झाली."

डॉक्टरांचं हसू गेलं. "आवाज?"

"फुटलाय. फोनवर दिराचाच वाटतो."

"मग याला आणा. लवकर. फोटोवरून निदान होत नाही, पण आठव्या वर्षी मिशी येणं बरं नव्हे. का आली, ते शोधावं लागेल. शिवाय हाडं अशी घाईनं पिकली, की उंची तिथंच थांबते. आज सगळ्यांत उंच दिसतोय, मोठेपणी सगळ्यांत बुटका राहील."

हेमावतीला आनंद झाला. तो जिना उतरेपर्यंत टिकला.

रस्त्यावर आल्यावर तिला नंदीश आठवला. एवढा मिशीवाला बाप्या, पण सुट्टीला आला की अंधारात संडासला जाताना आपल्या या मोठ्या चुलतीचा पदर सोडत नसे. "दोड्डव्वा, दारातच थांब," म्हणायचा, त्या जाड्या आवाजात.

तिनं जावेला फोन लावला.

"अक्षता, उद्या नंदीशला सोलापूरला आण. हार्मोनच्या डॉक्टरला दाखवायचंय."

"का? काय झालंय माझ्या पोराला?"

"एवढ्या लवकर मिशी येणं बरं नसतं म्हणत्यात."

"कोण म्हणतंय? डॉक्टर का तुमी?" अक्षताचा आवाज चढला. "अक्का, माझं पोरगं वाढलं, तर तुमाला दवाखाना सुचला व्हय? जळताय तुमी. रविवारीच दिसलं मला. जिलेबी तशीच टाकून उठलात."

हेमावतीनं आजूबाजूला बघितलं. गुरु चार पावलं पुढं निघून गेला होता.

"व्हय, जळते," ती म्हणाली. "लई जळते. आतापण जळते. पण उद्या आण त्याला."

पलीकडं म्हैस ओरडली.

मग अक्षतानं हळूच विचारलं, "किती वाजता?"