दीपगृहावरची हजेरी

संगणकाच्या सरांनी शाळेत मुख्याध्यापिकाबाईंना “तापाने फणफणलोय” असं कळवलं, आणि संगणक शिक्षकांच्या परिषदेच्या गावी दोन दिवस आधीच जाऊन ते दीपगृहाच्या गच्चीवर आइस्क्रीम चाटत उभे राहिले. तेवढ्यात बाईंचा फोन आला.

“सर, पडून आहात ना? नाही, तुमचं ते हजेरीचं ॲप तुम्हाला दीपगृहावर दाखवतंय. चुकलं असेल मेलं!”

पोटच्या पोराने चुगली करावी, तसं सरांना झालं. दांडीबहाद्दर शिक्षक पकडायला हे ॲप त्यांनीच वर्षभर खपून लिहिलं होतं. आणि ते कधीच चुकत नाही, हे परवा परिषदेत त्यांनाच छातीठोकपणे सांगायचं होतं.

सरांनी उरलेलं आइस्क्रीम एका घासात संपवलं.



“ॲप बरोबर आहे, बाई. ताप खोटा आहे.”