स्वस्तातला अडॅप्टर

डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "पाच महिने आधी आला असतात, तर काहीतरी करता आलं असतं."

"मला बोललीच नाही हो ती," तो म्हणाला.

पुढे हेच वाक्य त्याने सगळ्यांना सांगितलं. तीन आठवड्यांनी ती गेली, तेव्हा परगावाहून आलेल्या लेकीलाही सांगितलं. थोडं रागानेच.

"आईने तुम्हाला सांगितलं नाही, हे मला पटतच नाही, बाबा," लेक म्हणाली. परत जाताना म्हणाली, "तिच्या लॅपटॉपमधले फोटो तेवढे पाठवा."

लॅपटॉपला वायफाय लागत नव्हतं. आधी अधूनमधून जायचं, मग कायमचं गेलं. त्याच्या पाकिटात तिची चिठ्ठी होती, घडीवर फाटत आलेली. तिला लिहायची सवय. डब्यांवर, बटणांवर, औषधांच्या बाटल्यांवर तिच्या चिठ्ठ्या असायच्या. या चिठ्ठीवर वायफाय पकडणाऱ्या अडॅप्टरचं नाव होतं. एकदा जेवताना तिने विचारलंही होतं, "मी लिहिलेलं वाचलंत का?"

"वाचलं. एवढी काय घाई आहे? बघू पुढच्या महिन्यात."

तिने मान खाली घातली आणि ताटातलं संपवलं. पुन्हा विषय काढला नाही.

दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि काचेवर तीन अडॅप्टर मांडले. "हे मॉडेल बंद झालं, काका. हा अँटेनावाला घ्या. रेंज मस्त."

"स्वस्तातला दाखवा."

"राऊटर आणि लॅपटॉपच्या मध्ये भिंती किती?"

"एक."

"मग हा नखाएवढाही चालेल. जरा हळू आहे. घाईची कामं असतील तर..."

"घाई नाही. लावला की चालू होईल ना? की पुन्हा सीडी-बिडी?"

"लावा आणि विसरा. वापरणार कोण?"

"मिसेस."

"मग अँटेनावालाच न्या! नेट अडकलं की बोलणी तुम्हालाच बसणार."

तो सवयीने हसला. नखाएवढा घेऊन घरी आला.

तिच्या टेबलाशी बसून त्याने तो लावला. बारीक दिवा लुकलुकला, वायफायची खूण आली. तो फोटो शोधत होता, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. मेल. तिच्या नावाने. लॅपटॉपमध्ये अडकून पडलेला, आत्ता सुटला होता. लिहिल्याची तारीख डॉक्टरांकडे जाण्याच्या पाच महिने आधीची होती.

"तोंडाने सांगायचा धीर होत नाही आणि चिठ्ठी कुणाच्याही हाती लागते, म्हणून मेल करते. छातीत गाठ लागतेय. एकटीने डॉक्टरकडे जायची भीती वाटते. उद्या जेवताना विचारेन, मी लिहिलेलं वाचलंत का. बाकी काही बोलू नका. फक्त 'येतो' म्हणा."

ते म्हणायचं राहिलं आहे.