घोटभर चहा

"आजी, घोटभर चहा मिळेल का?" विमा कंपनीच्या यंत्रमानवाने दारातूनच नातवासारख्या लाडिक आवाजात विचारलं.

गोदाक्कांचं डावं अंग लुळं पडलं होतं. उठून बसायलाही त्यांना लेक लागायची, म्हणून तर घरी मदतनीस मिळावा असा अर्ज केला होता. पण आल्यागेल्याला चहा नाही म्हणायचं? भिंतीला धरून, पाय ओढत त्या ओट्याशी गेल्या.

औषधं घेऊन शैलजा परतली तेव्हा आई घामाघूम होऊन खुर्चीत कोसळली होती. हात पोळला होता. यंत्रमानव अहवाल वाचत होता, "स्वतः चालतात. चहा करतात. मदतनिसाची गरज नाही. अर्ज नामंजूर."

"अरे, तीस वर्षं हप्ते भरलेत तिने! तू पाहुणा म्हणून उठली ती, जीव काढून उठली!"

"शैला, दारात आलेल्यावर ओरडू नये गं," गोदाक्का पुटपुटल्या.

टेबलावर कप तसाच भरलेला होता. शैलजाने तो उचलून यंत्रमानवाच्या तोंडाशी नेला. तिथे नुसती आवाजाची जाळी होती.

"घरोघरी चहाच मागतोस ना?" ती म्हणाली. "मग पी. माझ्यासमोर पी."