धन्यांचा होकार

कुरोसे संस्थानचे धनी थंडी सरायच्या आधीच वारले होते. पण पोटी मूल नव्हतं, आणि दत्तक मंजूर होण्याआधी ते गेल्याचं एदोला, शोगुनच्या दरबारात, कळलं असतं, तर संस्थान खालसा झालं असतं. म्हणून धनी अजून आजारीच होते.

पडद्याआड, मिठात ठेवलेल्या धन्यांशेजारी बसून म्हातारा इबुका रोज त्यांच्या आवाजात खोकायचा, औषधाला नावं ठेवायचा. जन्मभर त्यांच्या सेवेत घालवल्यामुळे आवाज हुबेहूब जमायचा.

आज शोगुनचा अधिकारी पडद्यासमोर बसून दत्तकाबद्दल विचारणार होता. इबुकाने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

“आता पेलवत नाही हो, कारभारी,” तो सकाळी म्हणाला.

“मेल्यावर काढ झोप,” कारभारी नारुसे खेकसले. “आज जागा राहा.”

पण अधिकाऱ्याचं लांबलचक प्रास्ताविक ऐकता ऐकता इबुकाचा डोळा लागला. दचकून जागा झाला, तेव्हा अधिकाऱ्याची पावलं ओसरीवरून दूर जात होती. ‘हो’ म्हणायचं राहूनच गेलं होतं.

“शाब्बास म्हाताऱ्या!” पडद्याबाहेरून नारुसे हसत म्हणाले. “काय ‘हो’ म्हणालास! अंगावर काटा आला माझ्या. आणि वर ते ‘इबुका थकलाय, त्याला माझ्यापाशीच राहू द्या’ कशाला जोडलंस? अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चल, ये बाहेर, घोटभर साके घेऊ.”

इबुकाने ‘आलोच’ म्हणायला तोंड उघडलं.

त्याच्याआधीच त्याच्या पाठीमागून उत्तर गेलं, “तो यायचा नाही.”