वाढलेल्या बांगड्या

“हिच्या बांगड्या वाढल्या.” सावित्रीबाईंनी सून मनिषाला सत्यशीला कासारणीपुढे बसवलं. “सव्वादोनच्या भरा. हिरव्या.”

सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. चौसाळ्यात तरी अजून असंच म्हणतात. मनिषाच्या या महिन्यात तिसऱ्यांदा वाढल्या होत्या.

“आता कशानं?” सत्यशीलाने विचारलं.

“म्हशीनं झटका दिला. लई धांदरट हाय ही.”

मागच्या खेपेला पायरी होती, त्याआधी हापसा. या बाईला थापाही धड मारता येत नाहीत. वीस वर्षं बायकांचे हात दाबून बांगड्या भरणाऱ्या सत्यशीलाला काय कळत नव्हतं? कामात गेली तर एखाद-दुसरी जाते. दोन्ही हातांतल्या एकदम गेल्या आणि मनगटावर चार बोटं उठली, तर ती म्हैस नसते, सावित्रीबाईंच्या पोटचा रेडा असतो.

असल्या सासवांची तिला शिसारी होती. लेकाची पापं पदराखाली झाकायची आणि वर सुनेलाच धांदरट म्हणायचं!

“म्हशीला बोटं कवापासून फुटली, सावित्रीबाई?”

सावित्रीबाई तोंड फिरवून टिकल्यांची पाकिटं चाळू लागल्या.

सत्यशीलाने मनिषाचा हात घट्ट धरला. “पोरी, बोल की. किती दिवस म्हशीवर घालशील? आत्ता चल ठाण्यात. मी येते संगं. काय बघितलं ते सांगते सायबाला.”

मनिषाने भरलेले डोळे पदराने टिपले.

“कावून सोसायचं गं?” सत्यशीलाला आता चेव चढला होता. “आमचं घर बघ. माज्या सुरजचं लगीन होऊन दोन वर्षं झाली. सुनंची एक बांगडी वाढली न्हाई अजून! घर असं असावं.”

दुकानामागेच घर होतं. तेवढ्यात तिची सून मंजुषा चहा घेऊन आली. तिने कप पुढे केला, तशा बांगड्या मनगटावरून मागे सरकल्या. कासाराच्या घरची सून, हातभर बांगड्या, पण किणकिण काही ऐकू आली नाही.

मनिषा त्या हाताकडे बघत राहिली. मंजुषाने घाईने पदर मनगटावर ओढला आणि ती आत गेली.

मनिषाने आपला हात हळूच सोडवून घेतला.

“काकू, काचेच्या राहू द्या,” ती म्हणाली. “तुमी सुनंला भरल्यात ना, तसल्या पलाष्टिकच्या भरा मला. त्या वाढत न्हाईत.”