मुठीवरची चकती

तलवारीच्या पात्याला धार नव्हती आणि पितळी मुठीवर चेरीची फुले कोरलेली होती. "जपानी लष्करी अधिकाऱ्याची आहे, पण लढाईची नाही. समारंभात मिरवायची," मी म्हणालो.

"ते ठाऊक आहे, साहेब. कुणाची, ते सांगा." नव्वदी ओलांडलेल्या सुभेदारांनी खाटेवरून माझे मनगट धरले. "ब्रह्मदेशात शरणागतीच्या दिवशी त्यानं ही माझ्या हाती दिली, मुठीवर बोट ठेवलं आणि हात जोडले. घरी पोचवा म्हणत होता, एवढं कळलं. मी हो म्हटलं. आता माझी जायची वेळ झाली, शब्द तेवढा राहिलाय."

मी मूठ भिंगाखाली धरली. असे काही अधिकारी मुठीच्या पाठीवर आपल्या घराण्याचे चिन्ह बसवून घेत. त्यावरून घराण्याचा माग काढता येतो. त्या जागी चांदीची छोटी चकती होती. तिच्यावर एकही रेघ नव्हती. धातू ठेवल्या जागी इतका झिजत नाही.

"दर खंडेनवमीला चिंच आणि राखेनं मीच घासते," उशाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी अभिमानाने म्हणाल्या. "पूजेला मांडायची, तर लखलखीत नको?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली. मनगटावरची त्यांची पकड आणखी घट्ट झाली.

"पुन्हा बघा, साहेब. काहीतरी उरलं असेल."

"मळ ना?" त्या लगबगीने उठल्या. "आणा इकडं. आत्ता घासून देते."