धावपट्टीवर कोणीतरी आहे
जानेवारीतली सकाळ. रायपूरवर दाट धुकं होतं आणि विमान उतरायला मिनिटभर उरलं होतं. तिथल्याच उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात राबलेल्या हिरालाल मेश्रामांची मुलगी दीक्षा सहवैमानिक म्हणून पहिल्यांदाच आपल्या गावी उतरत होती. एवढ्यात कॉकपिटमध्ये धावपट्टीवर कोणीतरी असल्याचा इशारा देणारा यंत्राचा आवाज आला, "ट्रॅफिक ऑन रनवे." कॅप्टन शिरीष वैद्य म्हणाले, "कालही हे उगाच ओरडलं होतं. परवानगी मिळालीय, उतरू या." आवाज पुन्हा आला. तीस वर्षं विमान चालवणाऱ्या माणसाला अडवायचं होतं, तरी दीक्षा म्हणाली, "सर, गो-अराउंड!" कॅप्टन विमान खाली नेतच राहिले. मग ती ओरडलीच, "वर घ्या, सर!" कॅप्टननी विमान उचललं, तेव्हा चाकांच्या अगदी खाली, धावपट्टीवर उभं असलेलं एक छोटं विमान दिसलं. तासाभरानं ते उतरले, तर त्या विमानाचा वैमानिक प्रशिक वाट पाहत उभा होता. दीक्षाच्या छातीवरचं आडनाव वाचून तो मराठीत म्हणाला, "ताई, मले धुक्यात धावपट्टीवरून बाहेर पडायचं वळणच दिसलं नाही." कॅप्टननी त्याचे हात हातात धरले. "तुम्हाला दिसलं नाही. मला तर यंत्रानं दोनदा सांगितलं होतं." मग कार्यालयात बसून त्यांनी अहवालात लिहिलं, 'इशारा ऐकूनही मी उतरत होतो. सगळ्यांना सहवैमानिकानं वाचवलं.' दीक्षा हळूच म्हणाली, "सर, यानं तुमचं लायसन्स जाईल." "जाऊ दे," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.